अनवाणी पहारा

१

ॲन आर्बरच्या त्या हिवाळ्यात माझी सकाळ कपड्यांनी सुरू व्हायची आणि दिवसही कपड्यांतच संपायचा. आधी स्वतःला कपडे घालायचे: थर्मल, त्यावर पंजाबी ड्रेस, त्यावर प्रसन्नचा जुना स्वेटर, त्यावर सेकंडहँड दुकानातला घोट्यापर्यंतचा कोट. मग बसने नदीजवळच्या विटांच्या एका जुन्या घरात जायचं आणि दिवसभर डोकं नसलेल्या पुतळ्यांना कपडे घालायचे.

प्रसन्न म्हणायचा, "सुमेधा, तू बाहुल्यांची लग्नं लावायला अमेरिकेत आलीस." माझा नवरा स्वतः मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करत होता आणि लग्न झाल्यापासून एकाच पंपातला एकच बुडबुडा बघत होता. त्यामुळे त्याचं बोलणं मी मनावर घेत नसे.

ते घर म्हणजे एक छोटं खासगी म्युझियम होतं आणि ते चालवायची हेलन. वय साठीच्या पुढचं, सहा फूट उंची, आणि हसली की खिडक्यांची तावदानं थरथरायची. नागपूरला होम सायन्स शिकून मी इथे म्युझियमच्या अभ्यासक्रमाला आले होते, आणि हेलनने मला एका प्रदर्शनाच्या कामावर घेतलं होतं. प्रदर्शन नीट पार पडलं तर उन्हाळ्यापासून पक्की नोकरी, असं तिने सांगितलं होतं. प्रसन्न आणि मी तेव्हा त्या नोकरीच्या भरवशावर तळघरातलं घर सोडून जमिनीच्या वर राहायला जायची स्वप्नं बघत होतो.

प्रदर्शन होतं आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या पोलिसांच्या आणि फौजेतल्या शिपायांच्या गणवेशांचं. इथल्याच एका दंतवैद्याने जन्मभर ते जमवले आणि मरताना म्युझियमला दिले. बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोचा निळा कोट आणि लाल कमरबंद. फ्रेंचांच्या शिपायाची ढगळ विजार. जर्मनांच्या शिपायाची खाकी टोपी, तिच्यावर पितळी गरुड. आणि इंग्रजांच्या पूर्व आफ्रिकेतल्या एका पोलीस शिपायाचा, तिकडच्या भाषेत अस्कारीचा, पूर्ण पोशाख: निळी लोकरी जर्सी, खाकी अर्धी चड्डी, काळ्या गोंड्याची लाल टोपी, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या निळ्या पट्ट्या. इंग्रजीत त्यांना 'पटी' म्हणतात. शब्द आपलाच, पट्टी. इंग्रजांनी आपल्याकडून नेला आणि आफ्रिकेच्या पायांना गुंडाळला.

बूट मात्र नव्हते. मला वाटलं हरवले असतील. हेलनने मला जुने फोटो दाखवले. मधोमध खुर्चीत गोरा साहेब, त्याच्या पायात चकाकते बूट. मागे शिपायांची रांग; बटणं लखलखीत, टोप्या सरळ, पट्ट्या झकास गुंडाळलेल्या, आणि त्याखाली अनवाणी पावलं.

माझं काम मला फार आवडायचं. कपडे खूप घातले की ते माणसाचा आकार घेतात. त्यावरून आत कोण होतं ते ओळखायचं आणि तसा कापूस पुतळ्यात भरायचा. या अस्कारीचा उजवा खांदा थोडा उतरलेला होता, बंदुकीच्या पट्ट्याने. कंबर बारीक. जर्सीचा डावा कोपरा पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेला, बहुतेक त्यानेच. आणि गळा एका बाजूला ताणलेला. समोरून कोणी मुठीत धरून ओढला असावा तसा.

२

पट्ट्या गुंडाळणं मला जमेना. लांबच लांब लोकरी पट्टी, ती तिरकी नेत नेत वर चढवायची, आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा आला पाहिजे. माझे वेढे लग्नाच्या पंगतीतल्या जिलबीसारखे. शेवटी "उद्या बघू" म्हणून मी तसंच सोडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पुतळ्याच्या दोन्ही पायांवर पट्ट्या नीट होत्या. इतक्या नीट की वेढ्यांमधलं अंतर फूटपट्टी लावून आखल्यासारखं, आणि शेवटची गाठ बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या किंचित खाली.

मी खाली हेलनकडे गेले. "थँक यू," म्हटलं.

"कशाबद्दल?"

"पट्ट्या छान बांधल्यास."

"मी?" हेलनने आपले हात पुढे केले. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. "मला बुटाची नाडी बांधता येत नाही, हनी. तूच बांधल्यास. दमलेल्या माणसाला आठवत नाही."

ते मला पटलं. मी दमलेली होतीच. माणूस झोपेत कुलूपसुद्धा लावून येतो, तिथे पट्ट्यांचं काय. पण पुन्हा वर आल्यावर मी त्या सोडल्या, मुद्दाम गबाळ्या गुंडाळल्या आणि गाठ आतल्या बाजूला मारली. जाताना दाराला कुलूप स्वतः लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात ठेवली.

सकाळी पट्ट्या नीट होत्या. गाठ बाहेर.

मी बराच वेळ पुढे गेले नाही. खोली छान उजेडाची होती. पूर्वेला भिंतीतून बाहेर आलेली मोठी तीन तावदानांची खिडकी, तिच्यात हा अस्कारी बाहेर तोंड करून उभा. बाहेर बर्फाने भरलेलं अंगण नदीपर्यंत उतरत गेलेलं. ऊन बर्फावरून उडून छतावर नाचत होतं. अशा खोलीत घाबरायला लाज वाटते. मी मनाशी हिशेब मांडला: लोकर आहे, हीटरने आकसत असेल, आकसली की वेढे आपोआप घट्ट बसत असतील. गाठीचं मात्र काही जुळेना. गाठ आकसून दुसऱ्या बाजूला जात नाही.

मग मी हातमोजे घालून जर्सीचा गळा तपासला. आतल्या बाजूला तो ओलसर होता. बाहेर तापमान शून्याखाली होतं, आणि तो गळा घामाने भिजला होता.

३

आम्ही दुपारी खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जेवायचो. मी पोळीभाजी आणायची, हेलन सूप. तिला माझी बटाट्याची भाजी इतकी आवडायची की ती सूप तसंच ठेवून डब्याकडे बघत बसायची. त्या दिवशी तिने पहिला घास घेतला आणि वरून आवाज आला.

लाकडी फरशीवर उघडं पाऊल पडल्याचा आवाज. आमच्या घरी नागपूरला उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर सगळे अनवाणी हिंडायचे, त्यामुळे तो आवाज मी ओळखते. आधी टाच, मग चवडा चिकटून सुटतो. खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. थांबणं. परत.

"रेडिएटर," हेलन चावता चावता म्हणाली. "हे घर म्हातारं आहे. त्याचीही हाडं वाजतात."

"रेडिएटर चालत नाही, हेलन."

ती हसली. पण तिने दुसरा घास घेतला नाही, आणि बटाट्याच्या भाजीसमोर हेलन थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी मी प्रसन्नला सगळं सांगितलं. तो खळखळून हसला, मग माझा चेहरा बघून थांबला आणि गंभीर चेहरा करायचा प्रयत्न करू लागला. तो त्याला कधीच जमत नाही.

"आपण एक काम करू यार," तो म्हणाला. "उल्हासकाकांना विचारू. ते आफ्रिकेत वाढले. पट्ट्या कशा बांधायच्या ते त्यांना माहीत असेल. भुताचं सोड, निदान तुझं काम तरी होईल."

उल्हासकाका आमचे नात्याने कोणी नव्हते. मराठी मंडळात ओळख झाली आणि त्यांनी आम्हाला दत्तक घेतलं. त्यांचे वडील केनियात नाकुरु गावी पोस्टात होते. काका तिथेच जन्मले, तिथेच रेल्वेत नोकरीला लागले आणि साठच्या दशकाच्या शेवटी सगळं आवरून इकडे आले. आता मुलीजवळ, विनीताकडे, जवळच्याच ट्रॉय गावात राहायचे. मराठी, गुजराती, स्वाहिली आणि इंग्रजी एका वाक्यात बोलायचे आणि कुणाला काही कळलं नाही तरी सगळे हसायचे.

फोनवर मी म्हटलं, "काका, अस्कारीचा ड्रेस आहे आमच्याकडे."

"अगं मग मला आधी नाही का सांगायचं?" काका म्हणाले. "शनिवारी येतो. मेथीचे लाडू घेऊन येतो. थंडीला बरे."

४

शनिवारी प्रसन्न काकांना गाडीतून घेऊन आला. काकांनी डोक्यावर कानटोपी, तिच्यावर आणखी एक केसाळ रशियन टोपी घातली होती. हेलनने त्यांना बघताच जाहीर केलं की हाच माणूस प्रदर्शनात ठेवायला हवा. दोघांचं तिथल्या तिथे जमलं. काकांनी तिला लाडू दिला, तिने खाल्ला, तिचे डोळे विस्फारले, आणि ती म्हणाली, "हे औषध आहे की मिठाई?" काका म्हणाले, "आमच्यात फरक करत नाहीत."

वर आल्यावर मात्र काका पायऱ्यांच्या तोंडाशीच थांबले. त्यांनी दोन्ही टोप्या काढल्या.

"अगदी असाच," ते म्हणाले. "आमच्या पोस्टाच्या दाराशी उभा असायचा. आम्ही पोरं त्याच्यासमोर माकडचेष्टा करायचो, हा हसायचा नाही. फक्त डोळ्यांनी हसायचा. त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. सगळे त्याला नंबराने हाक मारायचे."

मी पट्ट्यांबद्दल विचारलं. काकांनी वाकून बघितलं. "बरोबर तर आहेत. गाठ बाहेर. तू बांधल्यास?"

मी प्रसन्नकडे बघितलं. प्रसन्न छताकडे बघायला लागला.

"एकदा काय झालं," काका खिडकीजवळच्या स्टुलावर बसत म्हणाले, "त्याची बदलीच आली नाही. दुसरा शिपाई यायचा, मग हा सुटायचा, असा नियम. बदली आल्याशिवाय जागा सोडली तर फटके. त्या आठवड्यात गावाबाहेर काहीतरी दंगा झाला होता. आदल्या दिवशी हाही तिकडे गेला होता म्हणे, साहेबाच्या हुकमावरून. काय झालं ते आम्हा मुलांना कोणी सांगितलं नाही. संध्याकाळ झाली, पोस्ट बंद झालं, हा उभाच. आईने मला चहा घेऊन पाठवलं. मी म्हटलं, चहा पी. त्याने कप घेतला नाही. म्हणाला, मुला, घरात जा. बोलला माझ्याशी, पण बघत होता रस्त्यापलीकडच्या झाडांकडे."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. मी घरात गेलो. चहा मीच प्यायलो." काका हसले. आम्हीही हसलो. "सकाळी तो तिथे होता की नव्हता, ते मात्र आठवत नाही बघ. इतकं सगळं आठवतं आणि तेवढंच आठवत नाही."

हेलनने विषय बदलला. तिचं लक्ष प्रसन्नकडे गेलं होतं. अस्कारीचीच उंची, तसंच सडसडीत अंग. पुतळ्याच्या खांद्यांत मी भरलेला कापूस मला अजून खटकत होता, आणि जिवंत माणूस शेजारी उभा केला तर खांदा किती उतरवायचा ते नीट दिसलं असतं.

"उभा राहा," मी प्रसन्नला म्हटलं. "बाहेर तोंड करून. मी टाचण्या घेऊन येते."

"आणि आम्ही कॉफी टाकतो," हेलन म्हणाली. ती आणि काका जिना उतरू लागले. काका तिला चहात आलं का घालावं ते समजावत होते.

मी दाराशी पोचले तेव्हा प्रसन्न पुतळ्याच्या शेजारी ताठ उभा राहून त्याच्या रिकाम्या गळ्याशी बोलत होता.

"जा रे बाबा," तो म्हणत होता. "किती वर्षं उभा आहेस. जा, चहा पिऊन ये. मी आहे इथे."

५

टाचण्यांचा डबा सापडायला वेळ लागला. हेलन वस्तू जिथे ठेवते तिथे त्या कधीच नसतात. स्वयंपाकघरातून काकांचा आवाज येत होता, हेलनचं हसणं येत होतं, आल्याचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. मी गुणगुणत वर गेले.

पुतळा रिकामा झाला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. कापूस आत तसाच होता, पण जर्सी हँगरवर टांगल्यासारखी लोंबत होती, आणि पट्ट्या सुटून पायाशी दोन ढीग होऊन पडल्या होत्या.

प्रसन्न खिडकीत उभा होता. त्याच्या पायांत काही नव्हतं. बूट भिंतीशी होते, आत मोजे घडी करून ठेवलेले, दोन्ही टाचा एका रेषेत. लग्न झाल्यापासून प्रसन्नने कधी बूट जोडून ठेवलेले मी पाहिले नव्हते. आधी मला हसू आलं.

"पुरे हं," मी म्हटलं. "काका घाबरतील."

तो वळला नाही. मी जवळ गेले, दंड धरला. लाकडासारखा. त्याचा उजवा खांदा थोडा उतरला होता. चेहऱ्यावर घाम. पापण्या हलत नव्हत्या, ओठ मात्र हलत होते, आणि कान जवळ नेल्यावर मला कळलं की तो पुन्हा पुन्हा तेच म्हणतोय: "येऊ द्यायचं नाही."

"कोणाला, प्रसन्न?"

"येऊ द्यायचं नाही."

मी त्याला ओढलं. सगळा जोर लावून ओढलं. तो जागचा हलला नाही. त्याच्या मामांना फिट यायच्या, ते मला आठवलं. मग वाटलं, हे नाटक असावं. मग वाटलं, नाटक असतं तर एव्हाना तो हसला असता, त्याला इतका वेळ हसू दाबता येत नाही. त्याची पावलं निळसर पडत चालली होती, गरम खोलीत, जणू ती लाकडावर नव्हतीच. खाली हाक मारावी तर त्याला एकटं सोडावं लागणार. आणि मला नक्की कळत होतं की एकटं सोडलं तर मी परत येईन तेव्हा इथे प्रसन्न नसेल. इथे कोणीतरी उभं असेल, पण माझ्या बूट फेकणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या नवऱ्याला मी पुन्हा भेटणार नाही.

काकांनी सांगितलेला नियम मला आठवला. मूर्खपणा वाटत होता, तरी मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि म्हटलं, "बदली आली. मी आहे. तू जा."

प्रसन्न मागे कोसळला. त्याने मोठा श्वास घेतलेला मला ऐकू आला. वळून बघावं असं फार वाटलं.

मला वळता आलं नाही. माझ्या पायांतले बूट मी केव्हा काढले ते मला आजही सांगता येणार नाही. पायाखाली लाकूड नव्हतं. तापलेली, बारीक माती होती. मानेवर ऊन. काचेपलीकडे अंगण तेच होतं, पांढरं, नदीपर्यंत उतरणारं, एका बाजूला पानं झडलेली झाडं. त्या खोडांच्या रांगेत एक खोड खोड नव्हतं.

ते उभं होतं. माणसाएवढं. एक हात पुढे केलेला, मूठ आवळलेली, मुठीत काहीतरी धरून ठेवल्यासारखी. चेहरा दिसत नव्हता, इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण ते माझ्याकडे बघत होतं यात मला शंका नव्हती. आणि जोवर मी बघतेय तोवर ते तिथेच राहील, हेही मला कोणी न सांगता माहीत होतं. कंटाळा, भूक, घर, काही मनात येत नव्हतं. एवढंच: बघत राहायचं.

मागे प्रसन्न "सुमेधा, सुमेधा" म्हणत होता. त्याचा आवाज रस्त्यापलीकडून यावा तसा येत होता.

६

काका वर आले ते हातात कप घेऊन. प्रसन्नने त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग काका बोलायला लागले.

ते स्वाहिलीत बोलत होते. मला त्या भाषेतला एक शब्द येत नाही. मला सगळं समजलं.

"बाबा रे," काका म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नाही वाटतं. पोस्ट बंद झालं. साहेब गेला. कधीचाच गेला. त्यांचा झेंडा उतरवला तेव्हा मी होतो तिथे. पाऊस पडून गेला होता, सगळीकडे चिखल, आणि त्या चिखलात माणसं नाचत होती. मी नाचलो. माझी बायको नाचली, नवी साडी नेसून. शेजारचा टांगानिकाचा ड्रायव्हर नाचला. एका अस्कारीने टोपी काढून हवेत उडवली, ती परत खाली आलीच नाही, कोणीतरी पळवली. तो इतका हसला की आम्ही त्याला धरून ठेवलं. फार मोठा दिवस होता. तू तिथे असायला हवा होतास."

काकांचा हात माझ्या खांद्यावर आला. त्यांचा आवाज पोस्टातल्या मुलाचा असावा तसा आनंदी होता.

"तुला फटके मारणारा आता कोणी नाही," ते म्हणाले. "काझी इमेक्विशा. काम संपलं. नेंदा न्युम्बानी. घरी जा."

 आधी मानेवरचं ऊन गेलं. पायाला लाकूड लागलं, गार, गुळगुळीत, आणि मी प्रसन्नच्या अंगावर पडले. तो रडत होता आणि हसत होता, आणि दोन्ही एकदम केल्यामुळे त्याला उचकी लागली होती.

"मी घाबरलो नव्हतो," तो म्हणाला. "खरं सांगतो. मला फक्त एक काम दिलं होतं."

"कोणी?"

त्याने विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला.

हेलन ट्रे घेऊन दारात उभी होती. चार कप, लाडवांचं ताट. आम्ही तिघं जमिनीवर बसलेलो होतो. तीही खाली बसली, तिच्या गुडघ्यांचा कडकडाट झाला, आणि तिने प्रत्येकाच्या हातात कप दिला. एक कप उरला, काकांनी आधी आणलेला. तो काकांनी खिडकीच्या कट्ट्यावरच राहू दिला.

प्रसन्नने ओळीने पाच लाडू खाल्ले. मेथीचे लाडू त्याला अजिबात आवडत नाहीत. हेलनने आणखी कॉफी केली. काकांनी तिला नाकुरुच्या स्टेशनमास्तरच्या बोकडाची गोष्ट सांगितली आणि तावदानं थरथरली. मला वाटलं, झालं. कोणाचं तरी भलं झालं आमच्या हातून. मी पट्ट्या उचलल्या, सरळ केल्या आणि गुंडाळ्या करून पेटीत ठेवल्या. त्या आता नुसत्या लोकरीच्या पट्ट्या होत्या.

७

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण चांगला उजेड होता. प्रसन्न गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला पुढे गेला. काका पायऱ्यांवर, मागच्या ओसरीत, हेलनचा हात धरून थांबले. त्यांना घसरायची भीती. तिथून त्यांनी अंगणाकडे बघितलं आणि मला हाक मारली.

"सुमेधा, बघ."

बर्फात पावलं उमटली होती. उघडी पावलं, पाचही बोटं स्पष्ट. वरच्या खिडकीच्या बरोबर खालून ती निघत होती आणि नदीकडे जात होती. झाडांकडून दुसरी पावलं येऊन त्यांना अंगणाच्या मधोमध मिळत होती. तिथून पुढे दोन्ही ओळी बरोबर गेल्या होत्या, थेट नदीच्या गोठलेल्या काठापर्यंत.

काकांनी टोपी काढून छातीशी धरली. थंडीने त्यांचे कान लाल झाले होते. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी ते यापूर्वी फक्त लेकीच्या लग्नात बापाच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"एकटा नाही गेला," ते हेलनला म्हणाले. "बघा. कोणीतरी न्यायला आलं होतं त्याला."

हेलनने त्यांचा हात दाबला.

माझी कामाची सवय. मी पायऱ्या उतरून जवळ गेले आणि वाकून बघितलं. कपड्यांवरून माणूस कळतो तसा पावलांवरूनही थोडा कळतो. खिडकीपासून निघालेली पावलं सावकाश होती, टाच पूर्ण टेकलेली, दमलेल्या माणसाची. अंगणाच्या मध्यावर बर्फ तुडवलेला होता. तिथे तो बराच वेळ थांबला असावा, घराकडे तोंड करून, आमच्या खिडकीकडे बघत. बोटं घराच्या दिशेने होती.

झाडांकडून आलेली पावलं सरळ आली होती. घाई नाही, थांबणं नाही. ती त्याच्या पाठीमागून आली होती.

त्यानंतर त्याचं पहिलं पाऊल वेडंवाकडं पडलं होतं, दुसरंही. मग टाचा उमटायच्या बंद झाल्या होत्या. नुसते चवडे, आणि दोन पावलांतलं अंतर वाढत वाढत इतकं झालं होतं की मला ते उडी मारल्याशिवाय ओलांडता आलं नसतं. दुसरी पावलं त्याच्या मागोमाग होती. त्या पावलांतलं अंतर मात्र शेवटपर्यंत सारखंच राहिलं होतं.

"काय गं?" काकांनी ओसरीतून विचारलं. "बरोबरच गेले ना दोघं?"

गाडीचं इंजिन सुरू झालं. प्रसन्नने हॉर्न वाजवला, मग मजेत आणखी एकदा. मी उठले, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला आणि काकांकडे बघून हसले.

"हो काका," मी म्हटलं. "बरोबरच गेले."